ठेव तितं

"ठेव तितं."

गावातला दुकानदार आमच्याशी एवढंच बोलायचा. तोंडाकडं न बघता. दुकानाच्या पुढं एक लाकडी फळी होती, ती माझ्या हनुवटीला लागायची. नाणी फळीवर ठेवायची, हात मागं घ्यायचा, एक पाऊल सरकायचं. मग तो नाणी उचलणार, गल्ल्यात टाकणार अन् चहापुडी फळीवर सरकवणार. हाताला हात लागता कामा नये.

एकदा मी विसरले. पहिली-दुसरीत असेन. माझ्या पुढं वर्गातलीच एक पोरगी उभी होती, वरच्या आळीची. तिनं पैसे दुकानदाराच्या हातात दिले. त्यानं तिच्या हातात गोळ्या दिल्या, वर तिचा गालगुच्चा घेतला. मला वाटलं आज असं चालतंय. म्या बी हात लांब केला अन् नाणी थेट त्याच्या तळहातावर ठेवली.

त्यानं हात असा झटकला की नाणी रस्त्यावर. एक गटारीत गेलं. तो धोतराला हात पुसायला लागला, घासून घासून. माझी आई बाजूलाच उभी होती. तिच्याकडं न बघताच तो बोलला, "पोरीला काय शिकवलंय का न्हाय?"

आई वाकली. रस्त्यावरची नाणी येचली. गटारीत हात घालून तितलं बी काढलं. पदरानं पुसलं अन् फळीवर ठेवलं. दुकानात चार माणसं होती. कुणी हसलं न्हाय, कुणाला राग आला न्हाय. लई साधी गोष्ट होती ती त्यांच्यासाठी.

घरी आल्यावर आईनं मारलं न्हाय. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पाट मांडला. म्हणाली, ही फळी समज. हातात खडे दिले अन् मला ठेवायला शिकवलं. ठेव, हात मागं घे, सरक. पुन्हा ठेव. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याच्यापुढं उदबत्ती, अन् खाली मी खडे ठेवायला शिकत होते.

आमी बौद्ध. भूम तालुक्यातलं गाव, वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, अन् आमचं घर विहाराच्या मागं. बाप एसटीत होता, त्याच्या पगारावर मी सोलापूरला हॉटेलचं शिक्षण घेतलं. तितनं एका एजन्सीनं अमेरिकेला पाठवलं, एक्सचेंज व्हिसावर. एक्सचेंज म्हणजे काय, तर कागदावर शिकायला जायचं अन् प्रत्यक्षात राबायचं. त्याचं मला काय वाटलं न्हाय. राबायला आमाला कोण नवीन शिकवणार? वर्ष पुरं केलं की सर्टिफिकेट मिळणार होतं, त्याच्यावर पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलात नोकरी लागती. भूमच्या स्टँडवर आई सोडायला आली. आठ दिवस आधीच तिनं अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलेलं.

हॉटेल एका मोठ्या तळ्याकाठी होतं. मला रिसेप्शनला उभं केलं. निळा कोट दिला, छातीवर नावाची पट्टी. कोट घालून आरशात बघितलं अन् घरची भिंत आठवली. फोटो काढून आईला पाठवला.

पहिल्या आठवड्यातच मॅनेजर बाईनं बोलावलं. गोरी, उंच, घाईघाईत बोलणारी. म्हणाली, तुझ्याबद्दल तक्रारी येतायत. तू लोकांना खोलीचं कार्ड देत न्हाईस, काउंटरवर टाकतीस. लोकांना अपमान वाटतो.

माझं डोकंच चालंना. म्या टाकलं कुठं? म्या ठेवलं. हळूच, नीट, आईनं शिकवल्यासारखं. ठेवलं, हात मागं घेतला, सरकले. हजार वेळा केलेलं ते. मला ठाऊकच नव्हतं की मी असं करती. आमच्या गावात जी आमची पायरी होती, ती इथं गिऱ्हाइकाची बेअदबी ठरली.

बाईनं मला मागच्या खोलीत नेलं. स्वतः गिऱ्हाईक झाली, तळहात पुढं केला, म्हणाली, दे. माझा हात टेबलाकडं गेला. न्हाय, हातात दे, म्हणाली. पुन्हा टेबलाकडं गेला. तिसऱ्यांदा म्या डोळे मिटल्यावानी केलं अन् कार्ड तिच्या तळव्यावर ठेवलं. माझी बोटं तिच्या हाताला लागली. मी वाट बघत उभी राहिले. तिनं हात झटकला न्हाय. पुसला न्हाय. थँक्यू म्हणाली अन् कामाला निघून गेली.

मी बाथरूममधी जाऊन रडले. आनंदानं न्हाय, रागानं. एवढं सोपं होतं व्हय हे? एवढ्याशा गोष्टीसाठी माझ्या आईनं गटारीत हात घातला? तो दिवस गेला अन् माझ्या मनातली फळी मोडली, ती मोडलीच. त्याच्यापुढं म्या सगळ्यांना हातात दिलं. ट्रकवाल्यांना दिलं, म्हाताऱ्या बायांना दिलं, मासे पकडून वास मारणाऱ्या हातांत बी दिलं. मुद्दाम दिलं. लागू दे बोटं.

मग एके दुपारी ते दोघं आले.

साठीच्या पुढचं जोडपं. बाईच्या अंगावर पंजाबी ड्रेस अन् पायात बूट, गडी स्वेटर घालून. पोरगा तिकडंच नोकरीला, आईबापाला तळं दाखवायला घेऊन आलेला. तो गाडी लावायला गेला अन् हे दोघं आत आले. बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, गारठलेय हो मी." तीन महिन्यांत कुणाच्या तोंडचं मराठी कानावर आलं नव्हतं. माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "काकू, बसा ना, चहा आणते."

बाई एकदम खुलली. माझा हात धरला तिनं काउंटरवरनं. व्हय, तिनंच धरला. म्हणाली, अगं बाळ, मराठी का तू! मग सुरूच झाली. जेवतेस काय, थंडी सोसते का, आई आठवते का. मला भडभडून आलं. बोलता बोलता भूमचं नाव निघालं तर काका बी पुढं सरकले. ते आमच्या शेजारच्याच गावचे निघाले. मोठ्या घरचे, मोठ्या हुद्द्यावरनं रिटायर झालेले, आता पुण्याला. मला तर सख्खे चुलते भेटल्यासारखं झालं. त्यांनी माझ्या गावाचं नाव विचारलं, म्या सांगितलं. मग हसत हसत म्हणाले, "अरे वा! तिथली कुणाची तू?"

कुणाची. आमच्याकडं ह्या एका शब्दात सगळं विचारून होतं. मला ते कळलं. खोटं बोलता आलं असतं. पण का बोलू? म्या बापाचं नाव सांगितलं अन् म्हणलं, "विहाराच्या मागं घर हाय आमचं."

काकूंनी माझा हात सोडला. झटकला न्हाय, नुसता सोडला. पर्स उघडून काहीतरी हुडकायला लागल्या. काका म्हणाले, "असं होय. चांगलं आहे, चांगलं आहे. शिकता तुम्ही लोक आता." मग घड्याळाकडं बघायला लागले. चहाचं म्या पुन्हा विचारलं, तर काकू पर्समधनं मान वर न काढताच म्हणाल्या, नको, पित्त होतं.

कार्ड तयार झालं. म्या ते धरून हात पुढं केला.

काका म्हणाले, "ठेव तिथं."

तळ्याकाठी. सात समुद्रापल्याड. गावच्या 'तितं'चं पुण्याचं 'तिथं' झालं होतं, बदल म्हणावा तर तेवढाच. माझ्या कानात रस्त्यावर पडलेली नाणी वाजली. गटारीतला आईचा हात दिसला. अन् खरं सांगते, माझा हात खाली जायला लागला. आपोआप. काउंटरपर्यंत गेला बी. तितनं म्या तो परत वर आणला.

"काका, हातात घ्या."

"अगं ठेव ना. घेतो मी."

"ठेवणार न्हाय. हातात घ्या."

पाठीमागं रांग लागली. लोक बघायला लागले, पण कुणाला काय कळणार? एक पोरगी कार्ड धरून उभी, एक म्हातारा हात खिशात घालून उभा. काकू हळूच म्हणाल्या, "कशाला वाढवतेस गं? आम्ही काही बोललो का तुला?"

पोरगा आला. बापानं त्याच्या कानात सांगितलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं न्हाय, पण पोरगा लालबुंद झाला अन् त्यानं इंग्रजीत मॅनेजरला बोलवा म्हणलं. मॅनेजर बाई आली. माझ्या हातातलं कार्ड तिनं घेतलं अन् म्हाताऱ्यापुढं धरलं.

अन् त्यानं खिशातनं हात काढला. तळवा पुढं केला. तिच्या हातातनं कार्ड घेतलं, वर तिचा हात दोन्ही हातांत धरून थँक्यू म्हणाला.

ते म्या बघितलं. ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाय.

त्यांनी लेखी तक्रार केली, मी उद्धट हाय म्हणून. मॅनेजर बाईनं मला विचारलं, तर इंग्रजीत मला ते सांगताच येईना. माझा हात त्यांना नको होता, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, मग काउंटरवर ठेवायचं, गिऱ्हाइकाला तसं हवं असेल तर. म्या म्हणलं, तुम्हीच तर हातात द्यायला शिकवलं. ती मला वाईट वाटायला नको म्हणून हसली. कार्डच तर होतं, म्हणाली. माफीचा मेल लिही, विषय संपला.

म्या लिहिला न्हाय. मग मला कोट काढून ठेवायला लावला अन् खाली चादरी धुवायला पाठवलं. एजन्सीचा साहेब फोनवर म्हणाला, व्हिसा हॉटेलच्या नावावर आहे, दुसरीकडं जाता येत नाही. दोन ओळी लिही, नाहीतर परत ये, सर्टिफिकेट विसर. वर म्हणाला, "तिकडं जाऊन तरी हे विषय काढू नका." जणू म्या काढला होता. दोन ओळींचाच प्रश्न होता. त्या दोन ओळींत मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. चुकलं न्हाय. मी परत आले.

वस्तीत कुजबूज झाली, हाकलली म्हणून. आई चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "ठेवलं असतंस तर काय झालं असतं गं? म्या जन्मभर ठेवलं. मेले का मी?"

आईवर चिडायला बी आलं न्हाय. मी नुसती तिच्या हातांकडं बघत बसले.

परवा आईसंगं दुकानात गेले. म्हातारा दुकानदार गेला, आता त्याचा पोरगा बसतो. फळी जाऊन काच आली, फ्रिज आला. पैसे बी फोनवर. स्कॅन करायचं, डबी ओरडून सांगती पैसे आले म्हणून. हाताला हात लागायचा सवालच मिटला. लोक म्हणतात, बघा, गेलं का न्हाय सगळं. म्या स्कॅन केलं. डबी ओरडली. त्यानं चहापुडी काचेवर ठेवली.

म्या हात पुढं केला. "हातात द्या."

तो हसला. "अमेरिकेहून आली न्हवं का! कोण पाळतंय आता असलं? घे की, ठेवलीय तितं."

"कोण पाळत न्हाय तर द्या हातात."

त्याचं हसणं गेलं. मागं माणसं उभी होती, त्यांच्याकडं त्यानं बघितलं. पुडी काय उचलली न्हाय. उभी राहून राहून माझा हात भरून आला. आई दंड ओढत होती. तक्रार कर, म्हणतील शहाणे. करीन बी. पण कागदावर काय लिहू, चहापुडी काचेवर ठेवली? वरच्या आळीचे हसतील अन् आमचे म्हणतील पोरीचं डोकं फिरलंय. पुडी तशीच टाकून मी मागं फिरले.

रस्त्यानं आई म्हणाली, "पैसे बी गेले अन् चहा बी गेला."

म्या म्हणलं, "उद्या परत जाणार हाय."

"अन् त्यानं परत तितंच ठेवली तर?"

"तर बिनचहाचं राहू."

त्या दिवशी आमच्याकडं चहा झाला न्हाय. दुसऱ्या दिवशी मी गेले, त्यानं तीच पुडी तितंच ठेवली, मी हात पुढं करून उभी राहिले अन् मोकळ्या हातानं परत आले. आज बी तसंच झालं. उद्या बी जाणार. ठेवलेलं मी आता उचलणार न्हाय.