अर्धा कोयता

वडवणीत बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत विजयसिंह सरांचा क्लास होता. वर पत्रे, खाली सतरंजी, भिंतीला पांढरा फळा. भरतीची तयारी करणारी गावोगावची पोरं-पोरी तिथं बसत. त्यांत जोडपं एकच होतं, सोमेश्वर आणि सुरेखा. दोघंही बारावी झालेले, दोघंही दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, आणि दोघांनीही यंदा वनरक्षकाच्या परीक्षेचा अर्ज भरलेला.

सोमेश्वरची ही शेवटची संधी होती. पुढच्या भरतीला त्याचं वय बसणार नव्हतं. अंगमेहनतीची त्याला भीती नव्हती. अडत होतं लेखी परीक्षेत, लेखीत इंग्रजीला, आणि इंग्रजीत भूतकाळाला. चार पर्याय समोर आले की त्याला चारही बरोबर वाटत. वाक्यात 'आफ्टर' दिसलं की तो 'हॅड'वर खूण करायचा, 'व्हाइल' दिसलं की 'वॉज'वर. कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं. बरोबर आलं की त्याला वाटायचं, आपल्याला जमतंय. चुकलं की छापणाऱ्याची चूक वाटायची.

सुरेखाला क्लासला त्यानंच आणलं होतं. घरी आपली उजळणी घेईल, एवढाच त्याचा हिशेब होता. पहिले काही आठवडे ती मागच्या रांगेत गप्प बसून असे.

मग एक दिवस सरांनी फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं. आम्ही शेतात पोहोचलो तेव्हा मालक निघून गेला होता. इंग्रजी करताना यातल्या कोणत्या क्रियापदाला 'हॅड' लावायचं, असं त्यांनी विचारलं. सोमेश्वरनं बोट अर्धं वर केलं, पुन्हा खाली घेतलं. मागून सुरेखा बोलली.

"सर, जाण्याला. आपण एक 'गेला' म्हणतो आन् एक 'गेलता' म्हणतो. दोन गोष्टी झाल्या आन् त्यातली एक आधीच उरकलेली असली की आपण 'गेलता' म्हणतो. हॅड तिथं येतं."

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, आणि सोमेश्वरकडे बघून म्हणाले, की मास्तरीण घरात असताना तुम्ही क्लासची फी कावून भरता.

सगळ्यांबरोबर सोमेश्वरही हसला. पण ते हसू त्याला दिवसभर टोचत राहिलं. 'गेलतो', 'आलतो', 'केलतं' हे तो बोलायला लागल्यापासून बोलत होता. मग हे तिलाच का सुचावं?

खरं म्हणजे तिला ते आपोआप सुचलं नव्हतं. चुकलेलं प्रत्येक वाक्य ती दुसऱ्या दिवशी परत सोडवायची, तिसऱ्या दिवशी परत. बरोबर उत्तर सापडल्यावरही उरलेली तीन का चूक, हे स्वतःला सांगता येईपर्यंत ती पान उलटायची नाही. भाकरी थापताना तिचे ओठ हलत असत. सोमेश्वर बाजेवर पडून मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि मान डोलवायचा. व्हिडिओतला माणूस गणितासारखी वाक्यं सोडवायचा, सोमेश्वर बघायचा, आणि बघून झालं की अभ्यास झाला असं समजायचा.

तिची मेहनत त्याला दिसत होती. तरी तो तिला नशीब म्हणायचा. ती पुस्तक घेऊन बसली की त्याला चहा हवा असायचा. चहा झाला की सदऱ्याचं बटण तुटलेलं आठवायचं. तो गाईडमधली अवघड वाक्यं शोधून काढायचा, उत्तरावर अंगठा ठेवायचा आणि तिला विचारायचा. तिचं चुकलं की त्याच्या पोटात गार वाटायचं. मात्र चुकलेलं ती लगेच समजावून मागायची, आणि ते त्याला सांगता यायचं नाही.

दिवाळीच्या आधी क्लासात सराव परीक्षा झाली. सुरेखा पहिली आली. सोमेश्वरचा नंबर खूप खाली होता. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की ही पोरगी निवडली गेली तर बसस्थानकाच्या तोंडाला तिचा मोठा फ्लेक्स लावणार.

मागचा एक पोरगा म्हणाला, "सोमेश्वरभाऊ, तुमचं बी नाव येतंय की फ्लेक्सवर. मधलं."

त्या संध्याकाळी सोमेश्वर घरी न जाता ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या बबनराव मुकादमाकडे गेला.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते. मुकादम विचारतो फक्त नवऱ्याला. त्यानं हो म्हटलं की दोघांचं हो झालं. बाईला वेगळं विचारायची पद्धत नाही, आणि कुणाला त्यात काही वावगंही दिसत नाही.

बबनराव हॉटेलच्या बाकड्यावर बसला होता. "काय बे, यंदा येणार का सायब होणार?"

"येतो," सोमेश्वर म्हणाला.

"पुरा कोयता?"

"पुरा."

टोळी परीक्षेच्या आधी निघणार होती आणि उन्हाळ्यापर्यंत परतणार नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. आपलं वय संपतंय हेही ठाऊक होतं. पण आपण परीक्षा दिली नाही तर तीही देणार नाही, एवढ्या एका गोष्टीनं त्याला हलकं वाटलं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी नळावर मुकादमाची बायको कडूबाई सुरेखाला भेटली. यंदा मोठा तवा बरोबर घे, मागच्या वर्षीचा तुझा तवा लहान पडलता, असं ती सहज बोलून गेली. सुरेखा भरलेली कळशी घेऊन घरी आली. कळशी जागेवर ठेवली आणि बाजेसमोर येऊन उभी राहिली.

"कावून केलं?"

सोमेश्वरनं उत्तरं जुळवून ठेवली होती. घर कसं चालायचं, नोकऱ्या काय झाडाला लागल्यात, वशिल्याशिवाय कुणाला मिळतंय. ती भांडेल आणि मग आपल्यालाही आवाज चढवता येईल, याची तो वाट बघत होता.

ती भांडली नाही. म्हणाली, "तुमचं वय चाललंय. माझं अजून हाय. तुमी ऱ्हावा, परीक्षा द्या. अर्धा कोयता म्हणून मी जाते."

जोडीशिवाय एकटा माणूस जातो त्याला अर्धा कोयता म्हणतात. तोडणं त्याचं, पाचट काढणं त्याचं, मोळी बांधणं आणि वाहणंही त्याचंच. बाईमाणसानं तसं एकटीनं जाणं म्हणजे काय, हे सुरेखाला चांगलं माहीत होतं. तरी ती आत जाऊन माळ्यावरचा कोयता काढू लागली.

हे सोमेश्वरला भांडणापेक्षा जड गेलं. देण्यातही तीच पुढे. तो बाजेवर बसून राहिला. आणि तिथं त्याच्या मनात जो प्रश्न आला, त्याला कष्टकरी माणसाला खोटं उत्तर देता येत नाही. आपल्या दोघांत अभ्यासाचं काम कुणी केलं? परीक्षेच्या खोलीत तो बसला तरी पुन्हा 'आफ्टर' बघूनच खूण करणार होता.

सकाळी तो हॉटेलवर गेला. टोळीतली माणसं चहा पीत होती.

"माझा अर्धा धरा," तो म्हणाला. "बायको येणार न्हाई. परीक्षा हाय तिची."

"आन् तुझी?" बबनरावनं विचारलं.

"माझं ऱ्हाऊ द्या."

"म्हंजे ती सायब आन् तू मोळ्या बांधणार?" टोळीतला भागवत म्हणाला. बाकड्यावर हशा झाला.

"बांधतो," सोमेश्वर म्हणाला.

बबनरावनं त्याला बरंच सुनावलं. पुरा म्हणून मोजलेला कोयता अर्धा झाला, आता गाडी भरायला उशीर होणार, असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यानं सोमेश्वरला अर्धा कोयता म्हणून घेतलं.

कारखान्याच्या भागात गेल्यावर पहिल्या दिवसांत सोमेश्वरच्या मोळ्या गाडीवर चढवताना सुटायच्या. चढवणारे शिव्या द्यायचे. इतकी वर्षं तो पुढं तोडत जायचा आणि मागं वळला की मोळ्या बांधून तयार असायच्या. बांधायला काय लागतं हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आता तो सुटलेली मोळी खाली ओढून परत बांधायचा. पण मत्सर काही गेला नव्हता. परीक्षेच्या दिवशी तो मनातल्या मनात तिला खोलीत बसलेली बघत होता, ती सगळं विसरली आहे असं बघत होता, आणि तसं बघताना त्याला बरं वाटत होतं. त्या दिवशीच्या मोळ्या मात्र सैल बांधल्या गेल्या.

निकालाचा फोन दुपारी आला. सगळे सावलीला भाकरी खात होते. सुरेखा लेखी पास झाली होती.

त्यानं आधी विचारलं, "इंग्रजीत किती?"

तिनं सांगितलं. तेवढे मार्क त्याला कधी सराव परीक्षेतही पडले नव्हते.

"ऐकताय ना?" तिनं विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला. "बरं झालं."

फोन ठेवल्यावर माणसं त्याच्याकडे बघत होती. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, संध्याकाळपर्यंत गावाकडून कुणीतरी कळवलंच असतं. पण त्यानं सांगितलं, "सुरेखा पास झाली."

भागवतनं भाकरी खाली ठेवली. या वेळी त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आन् तू बसला असतास तर रे?"

"नापास झालो असतो," सोमेश्वर म्हणाला. छातीत जळायचं ते जळतच होतं. त्यानं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली आणि इतरांच्या आधी उठून तो उसाकडे गेला.