इस्माइलभाईंचा कच्चा चहा

इस्माइलभाई गेल्याची बातमी सुपारी सोलायला आलेल्या बायकांनी आणली. त्याला आता दीड महिना झाला. तुम्ही त्यांना पाहिलं होतं, पण तेव्हा फार लहान होतात, आणि नैरोबीत बसून श्रीवर्धन कितीसं आठवणार... म्हणून क्रमाने लिहिते. ते आगबोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. तुमच्या आजोबांनी त्यांचा बांधाचा एक दावा चालवला होता, तेव्हापासून येणंजाणं होतं.

महायुद्ध संपल्यावर काही वर्षांनी ते हाँगकाँगहून चहाच्या चकत्या घेऊन आले. भाकरीएवढ्या, लाकडासारख्या घट्ट, बांबूच्या सालीत बांधलेल्या. चीनच्या डोंगराळ मुलखातला हा चहा, नाव पुएर. "वयनी, कच्चा चाय हाय ह्यो," ते म्हणाले. "ठेवला की पिकतो, आंब्यावाणी. पन आंब्याला आठ दिस, ह्याला वर्सं लागतात." कोकणच्या हवेत तो चांगला पिकला तर आपला माल पिकवायला कायम तुमच्याकडे ठेवीन आणि त्याचे पैसे देईन, असं माझगावच्या एका चिनी व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. तसं झालं की बोट सोडून घरी राहता येणार होतं. त्यांच्या बायकोला, अमीनाबीला, दुसरं काही नको होतं. लग्नानंतरचे बहुतेक पावसाळे तिने एकटीने काढले होते.

एक चकती त्यांनी आमच्याकडे दिली, बाकीच्या आपल्या घरी पेटीत ठेवल्या. दोन घरांत ठेवून काय फरक पडतो ते त्यांना पाहायचं होतं. रजेवर आले की दोन्हींचे तुकडे मोडून वेगवेगळ्या किटल्यांत घालायचे आणि आमच्या ओटीवर चाखायचे. पाणी आमच्या विहिरीचं, कप आमचे. त्या काळी आमच्याकडे दुसरं चालण्यासारखं नव्हतं आणि ते त्यांनी कुणी न सांगता ठरवून टाकलं होतं. दूध नाही, साखर नाही. पहिलं पाणी ओतून टाकायचं, दुसऱ्याचा रंग उजेडात पाहायचा, घोट थोडा वेळ तोंडात धरायचा. पहिल्या वर्षी दोन्ही चहा इतके कडू की तुमचे आजोबा म्हणाले, "सारंग, मला ताप नाही. काढा कशाला पाजतोस?" इस्माइलभाई म्हणाले, "वकीलसाब, गिळल्यावर जरा दम धरा." दम धरल्यावर घशाशी खरोखर गोडवा आला. पुढच्या वर्षांत कडूपणा उतरत गेला, पिवळा रंग केशरी झाला. दोन्ही किटल्यांत काही फरक नव्हता.

मग ते लांबच्या फेरीवर गेले. त्या वर्षी पाऊस हटेना. अमीनाबीच्या पेटीला बुरशी धरली. तिने कोकणातली कुठलीही बाई करील तेच केलं. बियाणं आणि सुकी मासळी जिथे कोरडी राहते तिथे, चुलीवरच्या माळ्यावर, चकत्या नेऊन ठेवल्या.

इस्माइलभाई परतले ते बोट सोडायच्या विचाराने. त्या दिवशी अमीनाबीही आली आणि माजघराच्या दाराशी बसली. त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला, मान हलवली. मग आपला घेतला... आणि कप खाली ठेवला. मीही घोट घेतला होता. धूर, आणि धुरामागे सुकट. तुमच्या आजोबांनी "अरे, हे तर..." म्हणून तोंड उघडलं, तोच इस्माइलभाईंनी पानाचा डबा त्यांच्यासमोर सरकवला.

"कसा हाय?" अमीनाबीने विचारलं.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "पन त्या चिन्याने दुकान आवरलं म्हनतात. बघू."

दुकान चालू होतं, हे आजोबांना ठाऊक होतं. पावसाळा सरल्यावर इस्माइलभाई पुन्हा बोटीवर गेले आणि छातीचं दुखणं घेऊन उतरेपर्यंत जातच राहिले. माळ्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आम्हीही नाही.

गेल्या आठवड्यात अमीनाबीला भेटायला गेले. तिने मला पडवीत बसवलं. पश्चिमेच्या वाऱ्याला एक मातीची बरणी टांगलेली होती, तोंडाला फडकं बांधलेलं. ती उतरवून तिने चकतीचा तुकडा काढला.

"ही इथे कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच दिवसापासून, बाय. तुम्ही सगळी वाडीत गेलात ना, तवा दोन्ही किटल्यांतला मी चाखला. घरी जाऊन सगळ्या चकत्या खाली उतरवल्या." ती शेगडीवरच्या पाण्याकडे पाहत होती. "त्ये बोलले न्हाईत. मग मी कशाला बोलू?"

"त्यांनी ही बरणी पाहिली असेल की."

"रोज ह्याच बाकावर बसायचे. इचारलं न्हाय कधी."

तिने पहिलं पाणी अंगणात ओतलं, दुसरं कपात. त्या घरचा कप मी प्रथमच तोंडाला लावला. घोट थोडा वेळ धरला, गिळला, दम धरला. धुराचा वास अगदी पुसट राहिला होता, माहीत असणाऱ्यालाच कळावा इतका.

"कसा हाय?" तिने विचारलं.

"अजून थोडा धूर आहे," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली आणि बरणीचं तोंड पुन्हा बांधायला लागली. "ऱ्हाऊ दे अजून."