दत्तोबांचा काळा रंग

दत्तोबा रंगारी गेल्याचा निरोप शाळेत आला, तेव्हा मी वर्गावर होतो. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतोच. मनात आलं, रांजणाचे अजून चार दिवस बाकी आहेत... मग खडू ठेवला आणि निघालो. त्याला आता दीड महिना झाला. एका जागी बसवत नाही. हे लिहायला बसलो तरी तीनदा उठून झालं.

दत्तोबा आमच्या गल्लीतले, सूत रंगवून विणकरांना देणारे. विलायती रंगाचे डबे आल्यापासून निम्मे रंगारी डबा फोडायचा आणि उकळायचा, एवढंच करू लागले. दत्तोबांना ते पुरेना. बाजारातला सरबतवाला डाळिंबं पिळून सालं आणि चोथा उकिरड्यावर फेकायचा, तो हे पाटीत भरून घरी आणत. गल्ली नाक धरायची. काळ्यासाठी जुने लोक गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवत. आंबलेलं पाणी लोखंड खातं, आणि डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात भिजवलेलं सूत त्यात बुडवलं की काळं होतं. "गूळ कशाला नासायचा, मास्तर? चोथ्यात गोडवा हाय की!" असं म्हणत ते माझ्याकडे आले, कारण मी शाळेत रसायन शिकवतो. मी म्हणालो, जमेल, पण एकवीस दिवस रांजणात हात घालायचा नाही. एकवीस दिवस! हा माणूस चहा निवायची वाट पाहत नसे. रोज झाकण काढायचे, कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे, वर मूठभर ताजा चोथा टाकायचे. पाणी धड आंबायचंच नाही.

त्या अर्धवट पाण्यात रंगवलेल्या सुताची चंद्रकळा विणून घेऊन त्यांनी मंगळवेढ्याला पाठवली. त्यांची लेक गोदा, तिची लग्नानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकवात कुणाच्या हातून तांब्या कलंडला आणि रंग सुटला. गोदाचे हात, मान, अंगावरचे हलव्याचे दागिने, सगळं काळं. सासरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गोदा बापाला एक शब्द बोलली नाही, आणि तेच त्यांना लागलं.

यंदा दिवाळी झाली आणि नवा रांजण हातगाडीवर घालून दत्तोबा माझ्या दारात उभे. "मास्तर, ह्यो तुमच्याकडं ठिवा. मी रडलो तरी उघडू दिऊ नका. पोरीला एकदा न सुटनारं काळं नेसवायचंय, बास." मी रांजणाच्या तोंडाला फडकं बांधलं. मग रोज सकाळी स्वारी हजर. रांजणाला कान लावायचे, "लई बुडबुडतंय की!" म्हणायचे, मी हाकलून द्यायचो. खरं सांगतो, मला त्यात मजा येऊ लागली होती. माझं इतकं ऐकणारा विद्यार्थी वर्गातही नव्हता. सोळाव्या दिवशी आले ते भिंत धरत, अंगात ताप.

"आज बगू द्या, मास्तर. निस्तं बगतो. हात न्हाय घालत."

"पाच दिवस राहिलेत. ठरलं म्हणजे ठरलं."

"व्हय," ते म्हणाले, उंबऱ्यावर जरा टेकले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तो निरोप आला.

सुतक फिटल्यावर गोदा माझ्याकडे आली. फडकं तिनेच सोडलं, काढ्यात भिजवलेली सुताची लड बुडवली, वाळवली, बादलीत खळखळून धुतली. पाणी स्वच्छ. दगडावर आपटून पुन्हा धुतली. पाणी स्वच्छच. आमच्या पेठेत मी असं काळं पाहिलेलं नाही. ती लड छातीशी धरून खाली बसली.

"अप्पांनी हे बगितलं हुतं का, काका?"

"नाही. एकवीस दिवस व्हायचे होते."

"उघडलं असतं तर बिघडलं असतं?"

मी बादली उचलून मोरीत ओतायला गेलो. बिघडायचं ते त्यांच्या ढवळण्यानं, वरून टाकलेल्या चोथ्यानं. रांजण अजून माझ्या ओसरीवर आहे. दिवसातून चारदा उठतो, फडकं सोडतो, आत बघतो, पुन्हा बांधतो. नुसतं बघितल्यानं काही बिघडत नाही. हे मला त्या सोळाव्या दिवशीही ठाऊक होतं.