पाण्यात टिकतो का? लागू नाही

चिंतामणीबद्दल शांतपणे लिहायचं ठरवून तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. जमत नाही. तेव्हा रागातच लिहितो, ज्याला सोसेल त्याने वाचावं.

चिंतामणी धरमपुरीला नर्मदेचं पाणी मोजायचा. घाटाच्या खालच्या अंगाला पाण्यात लोखंडी खांब रोवले आहेत, त्यांवर काळ्या-पांढऱ्या खुणांची पट्टी. पाणी कुठल्या खुणेला लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं आणि आमच्या धारच्या दफ्तराला कळवायचं. एरवी दिवसातून तीनदा, पावसाळ्यात तासातासाला. एकोणतीस वर्षं त्याने हेच केलं. आजोबा संस्थानात मामलेदार आणि नातू पाण्यातला मजूर, असं त्याचे इंदूरचे चुलतभाऊ लग्नाकार्यात हसत हसत सांगतात. मी एकदा भर पंगतीत त्यांना विचारलं होतं, की तुमच्यापैकी कुणी आयुष्यात एक तरी आकडा खरा लिहिलाय का? तेव्हापासून मला त्यांच्याकडची आमंत्रणं येत नाहीत.

मी त्याच दफ्तरातला बाबू. खरेदीच्या फायली माझ्याकडे आणि पट्ट्यांचे आकडे तपासायचं कामही माझ्याकडे. मूळ देवासचा. पणजोबा दरबारात चवरी ढाळायचे, तेवढ्या भांडवलावर अख्खं दफ्तर मला भैयासाहेब म्हणतं. सात महिन्यांत निवृत्त होईन. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण माझा सगळा भेकडपणा त्याच्या आड लपलेला आहे.

पाणी मोजणं म्हणजे काय, हे मला चिंतामणीने शिकवलं. मला वाटायचं, काठावर उभं राहायचं, बघायचं, लिहायचं. एकदा तो मला हाताला धरून कमरेइतक्या पाण्यात घेऊन गेला. "बघा," म्हणाला, "धार पट्टीवर आपटते त्या अंगाला पाणी चढतं. काठाकडच्या अंगाला खळगा पडतो. दोन्हीकडे वाचायचं आणि मधला आकडा धरायचा. काठावरून तुम्हाला नुसता खळगा दिसणार." मग पट्टीला अडकलेला पालापाचोळा त्याने हाताने काढला, तळव्याने लाट अडवली, गुडघे वाकवून डोळे पाण्याच्या रेषेला आणले आणि आकडा वाचला. घाटावरचे लोक त्याला पट्टीवाले पंडितजी म्हणतात ते उगाच नाही. नर्मदेतल्या बेटावर महादेवाचं देऊळ आहे, तिथे नावेने जावं लागतं. पाणी आठ मीटरला लागलं की नावा बंद. ते आठ झालेत की नाही, हे चिंतामणी सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी वरून ॲप आलं. फोटोशिवाय आकडा धरणार नाही, असा हुकूम. चिंतामणीने स्वतःचे दोन फोन नर्मदामाईला वाहिले. पावसात काच ओली, बोटं ओली, स्क्रीन ऐकेना, आणि एका लाटेत फोन गेला. शेवटी त्याने अर्ज केला की पाण्यात नेता येईल असा कॅमेरा द्यावा. एकोणतीस वर्षांत त्याने दफ्तराकडे मागितलेली ही पहिली वस्तू.

मी त्याला घेऊन देवासला मननच्या दुकानात गेलो. मनन माझ्या ओळखीचा, कॅमेरे विकणारा, आता जास्त करून पासपोर्ट फोटो काढणारा. त्याने दोन कॅमेरे काढले. एक ब्रिज कॅमेरा, सुपरझूम, साठपट. काळा, भरभक्कम, नळी बाहेर येते तेव्हा बघतच राहावं असा. दुसरा वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट, साबणाच्या वडीएवढा, नारिंगी काठाचा. झूम जेमतेम पाचपट. "भिया, ये देखो," असं म्हणत मननने तो छोटा कॅमेरा पाण्याच्या बादलीत टाकला, वर बादली हलवली, मग बाहेर काढून सदऱ्याला पुसला आणि आमचाच फोटो काढला. त्या फोटोत चिंतामणी तोंडभर हसतोय. त्याला मी इतका हसताना कधी बघितलं नव्हतं.

मी धारला येऊन दोन्हींचा तुलना-तक्ता केला. आता आमच्या राजवर्धन साहेबांबद्दल सांगतो. वय अडतीस, इस्त्रीचे कपडे, बुटाला चिखल लागलेला मी पाहिलेला नाही. त्यांना पक्ष्यांचा नाद आहे. हिवाळ्यात तलावावर पाहुणे पक्षी येतात, तेव्हा साहेब पहाटे दफ्तराची गाडी घेऊन जातात. तक्ता बघून त्यांचं बोट सरळ साठपट झूमवर गेलं. "पानी में उतरने की ज़रूरत ही क्या है? घाट पर बैठकर ज़ूम करेगा. सेफ्टी भी तो देखनी है," म्हणाले. चिंतामणीच्या जिवाची एवढी काळजी त्यांना आधी कधी वाटली नव्हती. तक्त्यात एक रकाना होता, पाण्यात टिकतो का? छोट्या कॅमेऱ्यापुढे मी होय लिहिलं होतं आणि मोठ्यापुढे नाही. साहेब म्हणाले, ये कॉलम हटाओ. रकाना हटवला तर तक्ता नव्याने करावा लागला असता, म्हणून मी दोन्ही खोडून दोन्हीपुढे लिहिलं, लागू नाही. नदीचं पाणी मोजायच्या कॅमेऱ्याला पाणी लागू नाही! हे कुणा दुसऱ्याने लिहिलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सुपरझूम धरमपुरीला गेला. चिंतामणीने तो हातात घेतला, वजन बघितलं आणि मला फोन केला. "भैयासाहेब, हा नवरदेव आहे. याला छत्रीखाली बसवायला पाहिजे." एवढंच बोलला. मी त्याला साहेबांची बाजू समजावून सांगितली. लाज वाटते, पण सांगितली.

जुलैत इथल्या हिंदीवाल्यांचा सावन लागला. आपला श्रावण पंधरा दिवसांनी लागतो, पण घाटावर दोन्हींची गर्दी मिळून दीड महिना पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या सोमवारी सकाळपासून पाऊस होता आणि वरच्या धरणाचं पाणी सुटलं होतं. दहा वाजता माझ्या पडद्यावर चिंतामणीचा आकडा आला, आठ पॉइंट शून्य पाच. खाली घाटावरून काढलेला फोटो. फोटो इतका सुरेख, की पट्टीवरची प्रत्येक रेघ मोजावी. आणि त्यात पाणी स्पष्ट दिसत होतं सात ऐंशीला.

मी फोन लावला. तो ओरडतच बोलला, मागे पावसाचा आवाज होता. "फोटोत खळगा आलाय, भैयासाहेब! पलीकडच्या अंगाला आठ तीस आहे. मी आत्ता उतरून वाचून आलोय. नावा बंद करा."

आकडा आणि फोटो जुळले नाहीत तर मी नामंजूर करायचं, आणि दुसरा फोटो येईपर्यंत नावा बंद, असा लेखी नियम आहे. माझं बोट तिथे गेलंही होतं. साहेब खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. "आज इतनी भीड़ है, ऊपर से फोन आ जाएंगे. जो फोटो में दिख रहा है वही भरो." मी भरलं. सात ऐंशी. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचं खोटं आणि छत्रीखालच्या कॅमेऱ्याचं खरं! नावा चालू राहिल्या.

पुढचं मला गणपतने सांगितलं. तो नाव चालवतो. चिंतामणी त्याच्याकडे धावत आला आणि म्हणाला, "गणपत, मत खोल." गणपतने दोर सोडला नाही. नावांच्या ठेकेदाराने त्याची आईमाई काढली तरी सोडला नाही. पण बाकीच्या तीन नावा भरतच होत्या. लहान मुलं, म्हाताऱ्या, बेलाच्या पिशव्या, सगळं चाललं होतं. चिंतामणी त्यांच्यापुढे जाऊन हात जोडून ओरडला, आठ पार झालंय, थांबा. ठेकेदाराने त्याच्या नाकासमोर मोबाइल नाचवला, "ॲप में सात अस्सी है, पंडितजी. आपसे बड़ी सरकार है."

तेव्हा चिंतामणी वर गेला, छत्रीखालचा तो साठपट झूमवाला नवरदेव उचलला, गळ्यात अडकवला आणि पाण्यात उतरला. छातीपर्यंत. आधी धारेच्या अंगाला गेला आणि फोटो काढला, मग काठाच्या अंगाला आला आणि दुसरा काढला. दुसऱ्या फोटोत अर्ध्या भिंगावर गढूळ पाणी चढलेलं आहे, ते मी पाहिलंय. त्यानंतर कॅमेऱ्याची नळी आत गेली ती कायमचीच. पण कार्ड शाबूत होतं. ते मुठीत धरून तो ओल्या धोतराने घाटावरच्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात गेला आणि तिथून दोन्ही फोटो पाठवले. एकात आठ तीस, दुसऱ्यात सात ऐंशी. आता साहेबांनाही बोलायला जागा नव्हती. पावणेअकराला नावा बंद झाल्या. दुपारी पाणी नऊच्या वर होतं आणि नावा लागतात त्या पायऱ्यांवरून अख्खी झाडं वाहत चालली होती.

कुणी त्याला शाल दिली असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमचं दफ्तर पाहिलेलं नाही. आठ दिवसांत चौकशी लागली. विषय होता, शासकीय कॅमेरा पाण्यात नेऊन नष्ट केल्याबाबत. नावांचा त्यात उल्लेखही नव्हता. चिंतामणी धुतलेला सदरा घालून आला आणि साहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी विचारलं, "कैमरा पानी में क्यों ले गए?"

"पट्टी पाण्यात आहे, साहेब," तो म्हणाला. मराठीतच म्हणाला.

साहेबांना मराठी कळत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा खूप काही सांगता आलं असतं. हा कॅमेरा तुम्ही निवडलात, तो रकाना मी खोडला, सात ऐंशी मी भरलं. मी म्हणालो, "सर, बोल रहे हैं कि पट्टी पानी में है." बस. आणि संध्याकाळी निलंबनाचा आदेश टाइप केला. स्वच्छ टाइप केला, एक चूक नाही. सात महिने राहिले होते ना माझे!

त्याच्या जागी आता कंत्राटी माणूस आहे. तो वरच्या पायरीवरून फोटो काढतो आणि फोटोत दिसेल तेच भरतो, त्यामुळे आकडा आणि फोटो नेहमी जुळतात. साहेब त्याच्यावर खूश आहेत. दुसरा कॅमेरा मागवला तोही सुपरझूमच, आणि तक्ता जुनाच वापरला. फक्त तारीख बदलली. चिंतामणी अजून रोज सकाळी पट्टीपाशी जातो, असं गणपत सांगतो. पगार नाही, वही नाही, तरी जातो.

मागच्या सोमवारी, आपल्या श्रावणातल्या तिसऱ्या, देवासहून माझा मुलगा श्रेयस चिऊला घेऊन बेटावर दर्शनाला निघाला. चिऊ माझी नात, साडेचार वर्षांची. दहाच्या सुमारास धरमपुरीत पोचून त्याने फोन केला, "बाबा, पाऊस आहे, पण नाव चालू है ना?" माझ्या समोरच कंत्राटी माणसाचा फोटो होता. सात पंच्याऐंशी. आकडा आणि फोटो जुळत होते. मी फक्त मंजूर दाबायचं होतं.

मी श्रेयसला म्हणालो, थांब. आणि चिंतामणीला फोन लावला. आदेश टाइप केल्यापासून पहिल्यांदा.

"बोला, भैयासाहेब."

"चिंतामणी, चिऊ आलीय घाटावर. ॲपवर सात पंच्याऐंशी आहे."

"मी घाटावरच आहे. थांबा, उतरून बघतो. फोन दुर्गाजवळ देतो."

दुर्गा म्हणजे त्याची बायको. पगार थांबला तेव्हापासून घर तीच ओढतेय, शिकवण्या घेऊन. तिने फोन धरला. कशी आहेस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पाच-सहा मिनिटं मी नुसता पावसाचा आवाज ऐकत बसलो.

मग चिंतामणीचा आवाज आला, धापा टाकणारा. "आठ दहा. चढतंय. पोरीला काठावरूनच हात जोडू द्या."

त्याने मला दोन शिव्या तरी हासडायच्या होत्या. माझा हक्क होता त्यांच्यावर. त्याने आकडा सांगितला आणि चिऊ पावसात भिजतेय का, असं विचारलं.

मी श्रेयसला थांबवलं आणि पडद्याकडे वळलो. फोटो स्वच्छ होता. मी नामंजूर दाबलं. खाली कारण लिहायची चौकट उघडली, तिच्यात लिहिलं, पाणी आठ दहा, चिंतामणीने आत उतरून वाचलं आहे. याला कुणी धैर्य म्हणू नये. त्या रांगेत माझी नात नसती तर मी मंजूर दाबून चहाला गेलो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

साहेबांची घंटा वाजली तेव्हा गणपतचा फोन येऊन गेला होता. चारही नावा बांधल्या होत्या.