नखावर पाहिलेली धार

मी आज जो काही आहे तो आबांमुळे, माझ्या वडिलांमुळे. गावात चपला शिवून त्यांनी मला पदवीधर केलं. चामडं कापायची रापी मात्र कधी हातात धरू दिली नाही.

आज घोडपदेवच्या आमच्या कारखान्यात म्हशीचं कातडं भिजत घातलं, आणि त्या वासाने मला बारा वर्षांपूर्वीच्या भायखळ्यातल्या हत्यारांच्या दुकानात नेलं. कुत्र्यांना चघळायला कातड्याच्या कांड्या करायची नोकरी मी नुकतीच धरली होती. आबांना मात्र सांगितलं होतं की ऑफिसात आहे. यंत्राने कापलेल्या कांड्यांना टोकं राहत. ती कुत्र्याच्या घशात रुतली असती, म्हणून मी हाताचं हत्यार शोधत होतो.

दुकानदार चाचांनी चार राप्या पुढे ठेवल्या. मी एक उचलली, नकळत अंगठ्याच्या नखावर धार पाहिली आणि सोबत नेलेल्या ओल्या कातड्यावर तिरकी ओढली. कड गुळगुळीत आली.

"काय साहेब, कॉलेजात हे पण शिकवतात काय?" चाचा हसले. "हा तर घरचा हात आहे."

तेव्हा चोरी पकडल्यासारखा मी लाजलो होतो. आज वाटतं, त्या हसण्यानेच माझी सुटका केली. त्याच संध्याकाळी आबांना पत्र लिहून पेटीत टाकलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. पत्रात एवढंच होतं:

"आबा, मी ऑफिसात नाही, कातडं कापतो. रागावू नका, तुम्हाला बघूनच शिकलोय. इथल्या रापीला धार चांगली आहे, पण मूठ हातात बसत नाही. तुमची जुनी पाठवाल का?"