रिकामा कॅमेरा

आमच्या गल्लीत गिरणीतले एक कारकून राहतात. त्यांच्याकडे जुना फ्रेंच पेटी-कॅमेरा आहे. त्यात वरून डोकावून बघावं लागतं. त्यामुळे फोटो काढताना त्यांची मान आपोआप खाली जाते आणि पुढाऱ्यांना तो नमस्कार वाटतो. म्हणून प्रत्येक सत्काराला त्यांना बोलावणं असतं. हार घातलेली मंडळी श्वास रोखून उभी राहतात, खटका वाजतो, आणि फोटो काही येत नाही.

"रोल घालत नाही की काय?" मी एकदा विचारलं.

"कशाला गुर्जी? त्यांची तोंडं रोज पेपरात असत्यात की."

रोल असला की खटक्यानंतर तो पुढे सरकवायला ते कॅमेऱ्याची चावी फिरवतात. तिची करकर मी पहिल्यांदा आमच्याच अंगणात ऐकली. कुणी न बोलावता येऊन त्यांनी माझ्या वडिलांना उन्हात बसवलं होतं. "घरात एक तरी फोटो असावा," एवढंच म्हणाले. महिन्याभरात वडील गेले आणि भिंतीवर तोच फोटो लागला. पुढे समोरच्या मावशींचंही तसंच झालं. मी त्याला योगायोग म्हणालो. बायको मात्र ते दिसले की मुलांना आत बोलावू लागली.

परवा सात रस्ता चौकात त्यांनी मला थांबवलं.

"गुर्जी, जरा उन्हात या की. हलू नका."

"माझा कसला सत्कार?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मान खाली गेली, खटका वाजला. टांगे, सायकली, भाजीवाले, सगळ्यांचा गोंगाट चालला होता. तरी चावीची करकर मला स्वच्छ ऐकू आली.