संक्षेपरावांचा अबोला

वाद्यवृंदाच्या इमारतीत जिन्याखाली एक खोली होती. तिच्यात एक टेबल, एक म्हातारा संगणक आणि कायम तापलेला प्रिंटर. उरलेल्या जागेत संक्षेपराव. वादकांची स्वरलिपी तयार करणं हे त्यांचं काम. सूर अक्षरांत टाइप करायचे, मग प्रोग्रॅम त्यांच्या रेघा, ठिपके, शेपट्या काढून पानं छापायचा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याला एक नाव द्यायचं आणि पुढे नुसतं नाव टाकायचं. ही सोय सापडली त्या दिवशी झाला तेवढा आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता, असं त्यांची बायको म्हणायची. ती समूहगानात दुसऱ्या रांगेत गायची.

नावं त्यांनी घरातलीच दिली होती. न बोलावता घुसणारा ट्रम्पेटचा तुकडा म्हणजे ‘मेव्हणा’. तेच तेच उगाळणारा ‘सासरेबुवा’. येऊन नुसता ताणून देणारा लांब सूर ‘जावई’. हे नाव देताना आपणही कुणाचे तरी जावई आहोत, हे ते सोयीस्कर विसरले होते. ओळीतल्या मात्रांचं माप चुकलं की प्रोग्रॅम पडद्यावर कुरकुर करायचा. ती कुरकुर दिसू नये म्हणूनही त्यांनी एक शॉर्टकट करून ठेवला होता.

नव्या व्यवस्थापकांना मात्र खोलीच नको होती. “स्वरलिपीच्या छापील वह्या विकत मिळतात,” ते म्हणाले. “या कार्यक्रमात काय दिवे लावता ते बघतो, नाहीतर इथे जादा खुर्च्या ठेवतो.”

रंगीत तालमीच्या सकाळी मुख्य गायिका अडून बसल्या. “शेवटच्या ओळीआधी श्वास घ्यायला जागाच नाही. मी माणूस आहे, फुगा नाही!”

“संक्षेपराव, तिथे सगळ्यांनाच जरा जास्त थांबवा,” वाद्यवृंदाचे संगीत संचालक म्हणाले.

“एक शब्द बदलला की झालं!” संक्षेपराव व्यवस्थापकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले.

त्या जागी जो विराम होता, त्याचं नाव ‘अबोला’. त्यांनी अबोला दुप्पट केला, वह्या छापल्या, वाटल्या. गाण्यात जिथे जिथे जो कुणी थांबतो, तिथे हाच अबोला टाकलाय, हे हुशारीच्या भरात त्यांच्या ध्यानातून पार निसटलं.

तालीम सुरू झाली. ज्यांना थांबे कमी होते ते पुढे पळाले, ज्यांना जास्त होते ते मागे रेंगाळले. बासरी व्हायोलिनला शोधत होती, व्हायोलिनं संचालकांकडे बघत होती, संचालक छताकडे. गायिकाबाईंनी एकट्यांनीच गाणं संपवलं, घाम पुसला, आणि तेवढ्यात मागून ड्रमवाला मोठ्या थाटात सुरू झाला.

“अहो, संपलं!”

“माझ्या वहीत अजून निम्मं आहे!” तो ओरडला आणि वाजवत राहिला.

व्यवस्थापक पुढे आले. “हे काय?”

“एकच शब्द चुकलाय, साहेब. एका शब्दात दुरुस्त होईल.”

“मग तो शब्द माझा कारकून बदलेल. तुम्ही कशाला हवेत?”

इतकी वर्षं मिरवलेली हुशारी आज संक्षेपरावांच्याच गळ्याशी आली होती.

कारकून खोलीत गेला आणि डोकं खाजवत परत आला. “साहेब, त्यात नातेवाईक आहेत. मेव्हणा, मेव्हणा, सासरेबुवा, जावई, पुन्हा मेव्हणा. मला काही झेपत नाही.”

वाद्यवृंद फिदीफिदी हसू लागला.

“चुकलेला शब्द कोणता?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“अबोला,” संक्षेपराव पुटपुटले.

“कुणाचा?”

सगळ्यांच्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. बायको शांतपणे उठून उभी राहिली. “माझाच असणार. वाढवण्याआधी मला विचारलं असतंत, तर सांगितलं असतं. मी तो सगळीकडे सारखा धरत नाही. जिथे लागला असेल, तिथेच वाढवते.”

संक्षेपराव खोलीत गेले. जुना अबोला होता तसा केला, त्या एका जागेपुरता वेगळा लिहिला, त्याला वेगळं नाव दिलं. मग जरा घुटमळून कुरकुर लपवणारा शॉर्टकटही काढून टाकला. प्रोग्रॅमनं वर्षानुवर्षांची साठलेली कुरकुर भडाभडा ओकली. ते मान खाली घालून एकेक ओळ वाचत राहिले.

दुपारी नव्या वह्या घेऊन सगळे एकत्र थांबले आणि एकत्र संपले. व्यवस्थापक निघताना म्हणाले, “खोली राहू द्या. हे गोतावळ्याचं लोढणं दुसरं कोण गळ्यात घेणार?”

“आणि मेव्हण्याचं,” बायको वही मिटत म्हणाली, “आपण घरी बोलू.”